नक्षी शाबूत, तरी टायर धोक्याचा: जुन्या लष्करी जीपच्या टायरांचे वारंवार उद्भवणारे दोष आणि त्यांवरील उपाय

लष्कराच्या लिलावातून आलेली किंवा हौशी मालकाने नव्याने उभी केलेली जुनी जीप वर्षाकाठी फार तर काहीशे किलोमीटर धावते. संचलन, एखादी रॅली, पावसाळ्यानंतरची घाटातली एखादी फेरी, एवढाच तिचा प्रवास असतो. त्यामुळे टायरांची नक्षी वर्षानुवर्षे जशीच्या तशी दिसते आणि मालकाचा समज होतो की टायर अजून नवेच आहेत. प्रत्यक्षात त्याच गाडीबाबत दर हंगामात त्याच तक्रारी पुन्हा येतात: ट्यूब अचानक बसते, व्हॉल्व्ह मुळाशी कापला जातो, ठराविक वेगाला स्टेअरिंग हातात थरथरू लागते, आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओकडे नेली की निरीक्षक टायरांवर बोट ठेवतात. मालक ट्यूब बदलतो, बॅलन्सिंग करून घेतो आणि तक्रार काही दिवसांनी परत येते. या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट असते. अशा गाडीचा टायर झिजण्याच्या कितीतरी आधी वयाने संपलेला असतो, आणि आपण मात्र केवळ त्याची झीज मोजत राहतो.

पुढील विवेचन मुख्यतः ६.००-१६ मापाचे, एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या धाग्यांचे, म्हणजे क्रॉस-प्लाय, टायर वापरणाऱ्या जीपगाड्यांना लागू आहे. १९४१ ते १९४५ या काळातील विलीज एमबी व फोर्ड जीपीडब्ल्यू आणि त्याच घराण्यातील, चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळणी सुरू झालेल्या महिंद्रा जीप या त्यांपैकी होत. जबलपूरच्या कारखान्यात बनलेली जोंगा आणि शक्तिमान ट्रक यांची मापे वेगळी असली, तरी टायरच्या वयाविषयीचा भाग त्यांनाही तितकाच लागू पडतो.

पहिली तपासणी: नक्षी नव्हे, तारीख

टायरच्या बाजूवर बनावटीचा आठवडा व वर्ष सांगणारे चार आकडे कोरलेले असतात. ३२१४ असे आकडे असतील, तर तो टायर २०१४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला आहे. तिथे तीनच आकडे आढळले तर टायर २००० सालापूर्वीचा आहे, आणि त्या टायरविषयी पुढे काहीही तपासण्याची आवश्यकता उरत नाही. तो उतरवून ठेवावा. हे आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि बसवणाऱ्याने ती बाजू आत, चासीच्या दिशेला ठेवलेली असते. म्हणून गाडीखाली शिरून, विजेरीच्या उजेडात ते वाचावे लागतात. पाचही चाकांचे वाचावेत, कारण मागे टांगलेली स्टेपनी ही बहुधा सर्वांत जुनी असते आणि तिने सर्वांत जास्त ऊन खाल्लेले असते.

तारखेनंतर टायरची बाजू पाहावी. गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने सावकाश फिरवावे, अंगठ्याने रबर दाबून वाकवावे आणि विजेरीचा झोत तिरका धरावा. सरळ उजेडात काळी, गुळगुळीत दिसणारी बाजू तिरक्या उजेडात केसासारख्या बारीक रेषांनी भरलेली दिसते. रेषा केवळ वरच्या थरात असतील आणि रबर दाबल्यावर त्यांचे तोंड उघडत नसेल, तर नजर ठेवून टायर काही काळ वापरता येतो. दाबताच भेग उघडली, तिच्या तळाशी धाग्याचा पांढरट किंवा तपकिरी रंग दिसला, किंवा नक्षीच्या दोन गाठींमधल्या खाचेच्या तळाशी आडवी चीर सापडली, तर त्या टायरवर रस्त्यावर जाऊ नये. जुन्या लष्करी पद्धतीच्या, म्हणजे एनडीटी (नॉन-डायरेक्शनल ट्रेड, दोन्ही दिशांना सारख्या चालणाऱ्या) नक्षीच्या टायरमध्ये ही खाचेच्या तळाची चीर विशेष काळजीपूर्वक शोधावी, कारण तिथे उंच गाठी आणि पातळ तळ यांच्यामध्ये रबर सर्वाधिक वाकते.

हे असे का होते, ते समजून घेतले की साठवणुकीतल्या चुका आपोआप लक्षात येतात. हवेतील ओझोन ताणलेल्या रबरावर भेगा पाडतो. त्यापासून संरक्षण म्हणून टायरच्या रबरात विशिष्ट मेण व रसायने मिसळलेली असतात, परंतु ती पृष्ठभागावर येत राहण्यासाठी टायर वाकत राहावा लागतो. रोज धावणाऱ्या टायरमध्ये ही क्रिया चालू राहते. महिनोन्महिने एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीत ती जवळजवळ थांबते. त्यातच गॅरेजमध्ये शेजारी कॉम्प्रेसरची मोटर किंवा वेल्डिंगचे यंत्र चालत असेल, तर ठिणग्यांमुळे तिथे ओझोन अधिक तयार होतो. शिवाय चमक आणण्यासाठी पेट्रोलियमयुक्त पॉलिश वारंवार चोळले, तर तेच संरक्षक द्रव्य पुसले जाते. प्रदर्शनासाठी चमकवलेला टायर मला नेहमीच संशयास्पद वाटतो, कारण ती चमक बारीक भेगा झाकते.

वयाच्या मर्यादेविषयी अनेक टायर उत्पादकांचा सल्ला असा असतो की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, टायर काढून टाकावा. आपल्याकडचा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या अवस्थेविषयी बोलतो; टायर कोणत्या वर्षी बनला, हे तो विचारत नाही. ब्रिटनमध्येही बराच काळ तशीच स्थिती होती. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथल्या ए३ महामार्गावर संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटून तिघांचा मृत्यू झाला. तो टायर एकोणीस वर्षांहून अधिक जुना होता. पुढे १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे दहा वर्षांपेक्षा जुने टायर मालमोटारी व बसगाड्यांच्या पुढच्या आसावर वापरण्यास बंदी झाली. चाळीस वर्षांहून जुन्या आणि व्यापारी वापरात नसलेल्या वाहनांना त्या बंदीतून सूट आहे, परंतु लष्करी गाड्यांच्या हौशी मालकांनी ती सूट स्वतःला लावून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या चाकाचा टायर फुटल्यावर पॉवर स्टेअरिंग नसलेली, छप्पर व सीटबेल्ट नसलेली जीप सावरणे हे आधुनिक मोटारीपेक्षा फार अवघड असते.

ट्यूब वारंवार का जाते

या गाड्यांत ट्यूबचे टायर असतात, आणि पंक्चरची कारणे शोधताना लोक खिळ्याचाच विचार करतात. त्याऐवजी प्रथम व्हॉल्व्हकडे पाहावे. रिमच्या भोकातून व्हॉल्व्हची दांडी सरळ, चाकाच्या मध्याच्या दिशेने बाहेर आलेली असावी. ती एका बाजूला कललेली दिसली, तर टायर रिमवर सरकला आहे आणि जाताना ट्यूबला सोबत ओढून घेऊन गेला आहे, असे समजावे. असा कललेला व्हॉल्व्ह दुसऱ्या-तिसऱ्या जोरदार ब्रेकनंतर मुळाशी फाटतो आणि हवा हळूहळू न जाता एकदम जाते. टायर सरकण्याचे कारण बहुतेक वेळा कमी हवा हेच असते. विलीज एमबीच्या मूळ पुस्तिकेत हवेचा दाब ३५ पौंड दिलेला आहे. चिखलात किंवा वाळूत चालवण्यासाठी तो उतरवून नंतर डांबरी रस्त्यावर तसेच निघणे, हे ट्यूब फाटण्याचे नेहमीचे कारण आहे. कमी हवेमुळे टायरची बाजू अधिक वाकते, तापते आणि जुन्या धाग्यांची पकड सुटते, हा त्याहून मोठा धोका.

व्हॉल्व्ह सरळ असूनही ट्यूब जात असेल, तर टायर उतरवल्यावर ट्यूबवरील छिद्र कुठे आहे ते रिमशी जुळवून पाहावे. छिद्र रिमच्या बाजूला असेल, तर गंज हे कारण आहे: साठ-सत्तर वर्षांच्या रिमच्या आतला गंज खरकागदाचे काम करतो. रिम तारेच्या ब्रशने पूर्ण साफ करून, रंग देऊन, तो वाळल्यावरच टायर चढवावा. जिथे मूळ रचनेत फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी, आहे, तिथे नवा फ्लॅप घालावा. छिद्र टायरच्या बाजूला असेल, तर टायरच्या आत हात फिरवून तुटलेला धागा, जुन्या पॅचची उचललेली कड किंवा आत राहून गेलेला कागदी स्टिकर शोधावा. जुन्या टायरमध्ये नवी ट्यूब घालताना टाल्क पावडर लावावी. जुनी, ताणलेली ट्यूब नव्या टायरमध्ये घालू नये, कारण तिला घडी पडते आणि घडीवर ती कापली जाते.

रिमचे नट: इथे घाई करू नये

युद्धकाळातील जीपच्या पुष्कळशा चाकांची रिम दोन भागांची असते आणि ते दोन भाग नट-बोल्टांनी एकमेकांना जोडलेले असतात. चाक गाडीला धरून ठेवणारे पाच नट वेगळे आणि रिमचे दोन भाग जोडणारे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना हे दुसरे नट सैल केले, तर रिमचे दोन भाग हवेच्या दाबाने उडतात आणि समोर बसलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. नेहमीच्या पंक्चरवाल्याने अशी रिम आयुष्यात पाहिलेली नसण्याची शक्यता मोठी आहे. तो सवयीने दिसेल त्या नटाला पाना लावेल. म्हणून हे नट लाल रंगाने रंगवून ठेवावेत, त्याला आधी समजावून सांगावे, आणि व्हॉल्व्हमधील पिन काढून हवा पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नये. मोठ्या ट्रकांच्या लॉक रिंगच्या, म्हणजे टायरला रिमवर अडकवून ठेवणारी सुटी लोखंडी कडी असलेल्या, रिमबाबतही हेच: हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात असावे, रिंग वाकलेली किंवा गंजून खड्डे पडलेली असेल तर ती वापरू नये, आणि हवा भरलेली असताना रिंग हातोड्याने ठोकून बसवण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

याच्याशी जोडलेली आणखी एक तक्रार म्हणजे डाव्या बाजूचे चाकाचे बोल्ट तुटणे. विलीज एमबी व जीपीडब्ल्यूच्या डाव्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असतात. ते नेहमीच्या दिशेने जोर लावून सोडवायला गेले, की सुटण्याऐवजी अधिक आवळले जातात आणि शेवटी तुटतात. नटावर किंवा बोल्टच्या टोकावर खूण आहे का ते पाहावे. नसेल तर स्वतः करून ठेवावी.

ट्रॅक्टरचा टायर जीपला

हा दोष आपल्याकडे इतका सर्रास आढळतो की त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. ६.००-१६ हे माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही वापरले जाते. तो टायर तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतो, तुलनेने स्वस्त असतो आणि जीपच्या रिमवर व्यवस्थित बसतो. मापाचे आकडे जुळले की दुकानदार आणि मालक दोघांचेही समाधान होते. परंतु ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर एफ-२ अशी खूण, तीन उभ्या पट्ट्यांची नक्षी आणि वेगाचे चिन्ह म्हणून बहुधा ए६ किंवा ए८ असते. ए६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर आणि ए८ म्हणजे ताशी ४० किलोमीटर, ही त्या टायरची मर्यादा होय. असा टायर लावलेली जीप पुणे-सातारा रस्त्यावर ताशी ६०-७० च्या वेगाने जाते, तेव्हा टायर ज्या उष्णतेसाठी बनलेलाच नाही ती त्याच्यात साठत जाते. शिवाय त्या तीन पट्ट्यांची रचना शेताच्या मातीत चाक वळवण्यासाठी आहे. ओल्या डांबरावर ब्रेक लागण्यासाठी नाही. टायर घेताना वेगाचे चिन्ह वाचावे, भार पेलण्याची क्षमता वाचावी, आणि भारतीय मानक ब्यूरोची आयएसआय खूण आहे याची खात्री करावी.

खरे एनडीटी टायर मिळाले, तरी त्यांच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. त्यांची नक्षी दोन्ही दिशांना सारखी चालावी आणि चिखल फेकला जावा, यासाठी आखलेली आहे. रस्त्याला टेकणारे रबर कमी, बारीक खाचा जवळजवळ नाहीत. कोकणातल्या पावसात वरंध घाटाच्या उतारावर असे टायर ब्रेकखाली सहज घसरतात. दिसण्यासाठी ते ठेवायचे असतील, तर पावसाळ्यात वेग आणि अंतर दोन्ही त्याप्रमाणे ठेवावे लागतील. ज्यांना गाडी खरोखर चालवायची आहे, त्यांनी मूळ मापाचेच पण रस्त्याच्या नक्षीचे टायर बसवावेत आणि एनडीटीचा संच प्रदर्शनासाठी राखून ठेवावा.

स्टेअरिंगची थरथर

सकाळी निघताना चाके धडधडत असतील आणि काही किलोमीटरनंतर ती धडधड आपोआप थांबत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. नायलॉनच्या धाग्यांचा टायर रात्रभर एका जागी उभा राहिला की टेकलेला भाग चपटा होतो आणि गरम झाल्यावर पूर्ववत होतो. टायर तापल्यावरही धडधड तशीच राहिली, तर चाक उचलून फिरवावे आणि नक्षीच्या समोर एक खडू स्थिर धरावा. खडू ज्या जागी लागतो तिथे फुगा आहे, म्हणजे आतले थर सुटले आहेत. तो टायर त्याच दिवशी उतरवावा.

ठराविक वेगालाच पुढची चाके जोराने डावी-उजवीकडे हलू लागतात, तो प्रकार निराळा. त्यात टायरचा वाटा असतो, पण एकट्या टायरचा क्वचितच. पुढच्या आसाच्या मधोमध असलेला स्टेअरिंगचा बेलक्रँक, किंग पिनचे बेअरिंग आणि टाय रॉडची टोके, यांतील ढिलेपणा आधी दूर करावा. त्यानंतरच बॅलन्सिंगवर पैसे खर्च करावेत. पुढे एका वयाचे व मागे दुसऱ्या वयाचे, किंवा पुढे रेडियल व मागे क्रॉस-प्लाय, असे मिश्रण असेल तर गाडी वळणावर अनपेक्षितपणे वागते. एका आसावर दोन प्रकार कधीही नकोत. चारही चाकांचा घेर सारखा नसताना डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावली, तर ट्रान्स्फर केसवर, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या आसांना वाटणाऱ्या गिअरपेटीवर, ताण येतो आणि लिव्हर अडकते. पुष्कळ लोक तो गिअरचा दोष समजतात.

कायद्याची बाजू

नियम ९४ प्रमाणे जीपसारख्या वाहनाच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. जुन्या जीपला ही अट सहसा आड येत नाही. आड येते ती त्याच नियमातील दुसरी बाजू: झिजेमुळे किंवा चिरेमुळे आतले कापड उघडे पडलेले नसावे, टायरला फुगवटा किंवा विकृती नसावी, आणि बाहेरून पट्टा वा ठिगळ लावून केलेली, व्हल्कनायझिंग न झालेली दुरुस्ती नसावी. निरीक्षकाने टायरवर घेतलेली हरकत बहुधा इथे बसते, आणि मालक मात्र नक्षी मोजून दाखवत वाद घालत राहतो. त्याऐवजी टायर बदलून पुन्हा तपासणीस जावे.

मूळ मापापेक्षा बरेच रुंद टायर लावून ते मडगार्डच्या बाहेर काढणे हा वेगळा दोष आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावलेला आहे. मोठ्या घेरामुळे वेगमापकही चुकीचा वेग दाखवतो.

लष्करातून निवृत्त झालेल्या गाडीची लष्करी नोंदणी कलम ६० खालील असते. संरक्षणविषयक वापर संपला, की तिची नेहमीप्रमाणे नागरी नोंदणी करणे बंधनकारक आहे. बाणाच्या खुणेचा लष्करी क्रमांक घेऊन रस्त्यावर फिरता येत नाही, आणि नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखीव आहे. पन्नास वर्षांहून जुन्या वैयक्तिक वाहनांसाठी जुलै २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची तरतूद आहे. तिच्याखाली गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीपमालकांनी हे आधी तपासावे. टायर बदलल्याने मूळपणाला बाधा येईल, या भीतीने जुने टायर ठेवू नयेत. टायर हा झिजणारा सुटा भाग आहे.

नवे टायर घेताना पाचही एकाच वेळी, एकाच बनावटीचे आणि शक्य तितक्या जवळच्या तारखांचे घ्यावेत, आणि तारीख दुकानातच, पैसे देण्यापूर्वी वाचावी. कमी खपाच्या मापाचा टायर गोदामातच चार-पाच वर्षे पडून राहिलेला असू शकतो. गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास आसाखाली स्टँड लावून चाके जमिनीपासून उचलावीत, टायरांवर जाड कापड टाकावे, आणि महिन्यातून एकदा हवा तपासावी. शक्य असेल तर त्या दिवशी गाडी खाली उतरवून पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणावी आणि परतल्यावर प्रत्येक टायरला हात लावून पाहावा: इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेला टायर दिसला, तर त्यात हवा कमी आहे, ब्रेक चिकटतो आहे किंवा आतले थर सुटू लागले आहेत, आणि कारण सापडेपर्यंत ते चाक पुढच्या आसावर ठेवू नये.